गोलाई ते मॉरिशस, आणि पुन्हा गोलाई

आमच्या घरात गादी रिकामी राहण्याचे दिवस ठरलेले आहेत. संवत्सरी, महावीर जन्मकल्याणक, आणि घरात कोणी गेले तर सुतकाचे दिवस. याखेरीज लातूरच्या आमच्या आडत दुकानाची गादी सलग आठ दिवस रिकामी राहिल्याचे माझ्या लग्नानंतरच्या सदतीस वर्षांत मला आठवत नाही. शिखरजीच्या यात्रेलाही घरातील एक पुरुष मागे राहत असे. त्यामुळे २०२५ च्या मे महिन्यात, एकोणऐंशी वर्षांच्या सासूबाईंपासून सात वर्षांच्या नातीपर्यंत, आम्ही सहाही जण दुकान मुनीमजींवर सोपवून मॉरिशसला गेलो, ही वार्ता गंजगोलाईत आमच्या आधी पोहोचली होती.

कल्पना मुलाची. तो पुण्याला नोकरीत आहे. लहानपणी सुटीत गादीवर बसून कट्टे मोजणारा मुलगा, पुढे कधीतरी परत येईल असे आम्ही धरून चाललो होतो. त्याने मार्चमध्ये फोन केला, "पप्पा, या वेळी सगळ्यांनी मिळून समुद्र पाहू." एरवी यांनी विषय टोलवला असता. परंतु तुरीची मोठी आवक संपली होती, आणि हमीभाव क्विंटलला ७,५५० रुपये असताना बाजार त्याच्या खालीच रेंगाळत होता. "इथे बसून भाव थोडाच चढणार आहे?" असे म्हणून हे तयार झाले. मी मनात म्हटले, मंदीचेही काही उपकार असतात.

मॉरिशस ठरले ते तीन कारणांनी. भारतीयांना आगाऊ व्हिसा लागत नाही. मुंबईहून थेट विमानाने सहा-साडेसहा तासांत पोहोचता येते. आणि तिसरे, माझ्या दृष्टीने मुख्य, म्हणजे समुद्राजवळ स्वयंपाकघरासह लहानसे घर भाड्याने मिळत होते. सासूबाईंचा चौविहार गेली चाळीस वर्षे चुकलेला नाही. हॉटेलात रात्रीचे जेवण सात वाजता मांडतात, तोवर त्यांचे पच्चक्खाण होऊन गेलेले असते. ज्यांनी वडीलधाऱ्यांना घेऊन परदेशवारी केली आहे त्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको. खाखरे, मेथीचे ठेपले, लसणाविना शेंगदाण्याची चटणी, भाजके पोहे, सातूचे पीठ यांनी दोन बॅगा भरल्या. कच्चे धान्य आणि बी-बियाणे तिथे परवान्याशिवाय नेता येत नाही. म्हणून डाळीच्या व्यापाऱ्याच्या बायकोने डाळीचा एक दाणाही बरोबर घेतला नाही.

विमानतळातून बाहेर पडलो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. हे म्हणाले, "आपण औसा रोडने चाललोय की काय?" खरोखर तसेच वाटत होते. मातीत काळा दगड, आपल्याकडचाच. बेट ज्वालामुखीतून वर आलेले आहे. फरक एवढाच की उसाच्या फडांमध्ये जागोजाग त्या काळ्या दगडांचे उंच ढीग रचलेले दिसतात. शेत मोकळे करताना मजुरांनी हातांनी उचलून रचलेले ते दगड आहेत, असे आमच्या गाडीच्या चालकाने सांगितले. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. आपला लातूर जिल्हा सात हजारांच्या वर आहे; म्हणजे त्यात जवळजवळ चार मॉरिशस मावतील. तिथले चलनही रुपयाच, पण त्यांचा एक रुपया आपल्या पावणेदोन-दोन रुपयांच्या घरात जातो. हे कळल्यावर यांनी पहिले दोन दिवस प्रत्येक वस्तूचा भाव तोंडी गुणून पाहिला.

घर होते पश्चिम किनाऱ्यावर, फ्लिक-आँ-फ्लाक या गावी. किनाऱ्यालगत सुरूच्या झाडांची लांबच लांब रांग, तिच्यापुढे पांढरी वाळू आणि मग शांत, उथळ पाणी. बेटाला बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाचे कडे आहे. मोठ्या लाटा दूर त्या कड्यावर फुटतात; तिथे पांढरी रेघ दिसते आणि अलीकडे पाणी तलावासारखे स्वस्थ असते. लातूरला त्या दिवसांत उन्हाने अंग भाजते. इथे मात्र हिवाळ्याची सुरुवात होती, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे. दुसऱ्या दिवशी दुपारी नात वाळूत खेळता खेळता म्हणाली, "आज्जी, सूर्य चुकीच्या बाजूला आहे." पाहिले तर खरेच, दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला आणि आमच्या सावल्या दक्षिणेला! भूगोलाच्या पुस्तकात मी हे वाचले होते. डोळ्यांनी पाहिले ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तेही नातीने दाखवले म्हणून.

सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास. त्यामुळे पाचलाच पाने घेण्याची माझी धांदल उडे. जेवण उरकून आम्ही किनाऱ्यावर जाऊन बसत असू. आसपासच्या पर्यटकांची संध्याकाळ सुरू होई तेव्हा आमची आवरलेली असे. सासूबाईंनी पाण्यात पाऊल घातले नाही. इतरांना त्यांनी अडवले नाही; फक्त बोटीतून मासे धरायला नेण्याचा कार्यक्रम कोणी सुचवला तेव्हा त्यांनी मुलाकडे एकदा पाहिले आणि तो विषय तिथेच मिटला. खुर्चीवर बसून त्या नातीला श्रीपाळराजाची कथा सांगत. धवलशेठने कपटाने त्याला जहाजावरून समुद्रात लोटले, नवपदांच्या स्मरणाने तो तरला आणि कोकणात ठाण्याच्या किनाऱ्याला लागला. ओळीच्या दिवसांत दरवर्षी ऐकलेली कथा. परंतु समोर खरोखरीचा समुद्र असताना ती ऐकणे निराळेच. नातीने विचारले, "ठाणे म्हणजे लोकलचे ठाणे?" सासूबाई म्हणाल्या, "तेच असेल. तेव्हा लोकल नव्हती."

यांचे लक्ष मात्र क्षितिजाकडे. मावळतीकडे बोट करून मुलाला म्हणाले, "इकडे पुढे मादागास्कर ना? आणि त्याच्यापलीकडे मोझांबिक." २०१५ च्या दुष्काळात तूरडाळ किरकोळीत किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली, त्यानंतर जुलै २०१६ मध्ये भारताने तुरीसाठी मोझांबिकशी करार केला. तेव्हापासून तिकडचा माल मुंबई बंदरात किती उतरला यावर लातूरचा भाव हलतो. इतकी वर्षे हे नाव यांनी केवळ मोबाइलवरच्या भावपत्रकात वाचले होते. सूर्य बुडाल्यावरही बराच वेळ हे त्याच दिशेला पाहत उभे राहिले.

डाळीने तिथेही पाठ सोडली नाही. राजधानी पोर्ट लुईच्या बाजारात 'धोलपुरी' नावाचा पदार्थ जागोजाग मिळतो. वाटलेली डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी. नेहमी जोडीने देतात. पुरणपोळीतून गूळ काढून घेतला तर जे राहील, ते. वर घालायची भाजी आणि टोमॅटोची चटणी कांदा-लसणाची, म्हणून आम्ही नुसतीच पोळी मागितली. विक्रेत्याने बापडा दोनदा विचारून खात्री करून घेतली. यांनी पोळी उलगडली, आतले सारण बोटांवर चोळले आणि चेहरा बदलला. "ही हरभऱ्याची डाळ नाही. पिवळा वाटाणा आहे!" डिसेंबर २०२३ मध्ये पिवळ्या वाटाण्याची आयात शुल्कमुक्त झाल्यापासून कॅनडा-रशियाच्या या वाटाण्याने आपल्या हरभऱ्याला आणि तुरीला कसे दाबून ठेवले, हे व्यापारी घरांत सांगायला नको. ज्या जिनसेवर यांनी दीड वर्ष बोटे मोडली तीच हातात, तीही गरम आणि रुचकर. मुलगा हसू दाबत म्हणाला, "पप्पा, आणखी एक जोडी?" यांनी घेतली.

आमचा चालक पन्नाशीचा होता. घरात क्रिओल बोलणारा, फ्रेंच जाणणारा, आमच्याशी हिंदीत बोलणारा. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला "पाणी दे गं" म्हटले तेव्हा त्याने वळून पाहिले. "पाणी. माझी आजी असेच म्हणायची," तो म्हणाला. तो मराठी निघाला. जवळच्या कास्काव्हेल गावात त्याचे आजोळ. शाळेत काही वर्षे मराठी शिकलेला, पण बोलण्यात दहा-वीस शब्द उरलेले. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते आणि त्या दिवशी मराठी घरांतील माणसे मूर्ती घेऊन समुद्रावर येतात, हे त्याने आम्हांला अभिमानाने सांगितले. त्याचे आडनाव हे मुळात आडनाव नव्हेच; बोटीतून उतरलेल्या पूर्वजाचे नाव कारकुनाने जसे ऐकले तसे लिहिले, आणि पुढच्या पिढ्यांना तेच चिकटले. तिथे पुष्कळांचे असेच झाले आहे.

तोच आम्हांला पोर्ट लुईच्या बंदरावरील आप्रवासी घाटावर घेऊन गेला. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर करारावर या बेटावर उतरले. बहुतेक बिहारकडचे, काही दक्षिणेतले, आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडचे. काळ्या दगडाच्या काही खोल्या, पडक्या भिंती आणि समुद्रातून वर येणाऱ्या पायऱ्या, एवढेच आता उरले आहे. युनेस्कोने २००६ मध्ये हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घेतले. पायऱ्या सोळा आहेत. सासूबाईंनी मोजल्या आणि म्हणाल्या, "गोलाईचे रस्तेही सोळाच." योगायोग, दुसरे काय, पण आपल्या गावाचे माप घेऊनच माणूस जग मोजतो, हे मला तेव्हा त्यांच्याकडे पाहून पटले.

करार पाच वर्षांचा असे. काही जण मुदत संपल्यावर परतले. बहुसंख्य तिथेच राहिले. आमच्या चालकाने मोका येथील महात्मा गांधी संस्थेतल्या जुन्या नोंदवह्यांतून आपल्या खापरपणजोबांची नोंद शोधून काढली होती. तिचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण आणि गाव. गावाचे नाव इंग्रजीत असे वेडेवाकडे उतरवलेले की त्यातून एकच गाव निघेना. त्याने मोठ्या आशेने फोन यांच्या हातात दिला. "आप तो वहीं के हैं, पढ़कर बताइए." यांनी चष्मा पुसला, अक्षरे मोठी करून पाहिली, जुन्या हुंडीवरची सही ओळखावी तशी बराच वेळ न्याहाळली. तीन-चार गावे सांगता येत होती, पण एकही खात्रीने नाही. फोन परत देताना हे त्याला "माफ करा" म्हणाले, मराठीत. घरी कोणाला तसे म्हणताना मी यांना क्वचितच ऐकले आहे. क्षमापनेचा दिवस सोडून.

सहाव्या दिवशी आम्ही दक्षिण टोकाला ग्री-ग्री येथे गेलो. तिथे प्रवाळाचे कडे नाही, त्यामुळे समुद्र थेट खडकावर आदळतो. सासूबाई आणि नात गाडीत बसून राहिल्या. आम्ही चौघे कठड्यापाशी उभे होतो. मुलाने तिथे सांगितले. पुण्यात घर घ्यायचे नक्की केले आहे, विसार दिला आहे. लातूरला परत यायचा विचार आता नाही. लाटांच्या आवाजात त्याला दोन वाक्ये दोनदा बोलावी लागली. ती दुसऱ्यांदा ऐकणे यांना किती जड गेले असेल ते मला दिसत होते. हे इतकेच म्हणाले, "कर्ज किती टक्क्यांनी मिळाले?" मुलाने आकडा सांगितला. "बरा आहे," म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.

ही सहल कशासाठी होती ते मला त्या क्षणी कळले. रागही आला. समुद्र दाखवायचा आणि त्याच्या आवाजात असे काही सांगायचे, हा कुठला न्याय? सून मागे राहिली होती. ती नांदेडची, गोदावरीच्या काठावर वाढलेली. म्हणाली, "मम्मी, मी आले त्या दिवशी तुम्ही मला बादली दाखवली होती, आठवते?"

आठवत होते. तिचे लग्न मे २०१६ चे. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्चमध्ये शहरातील पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेस पंचवीस लाख लिटर. तीनशे बेचाळीस किलोमीटरवरून आलेले कृष्णेचे पाणी. ऑगस्टपर्यंत ती गाडी चालली. आम्ही लग्नाचे पाहुणे टँकरच्या हिशोबाने मोजले आणि नव्या सुनेला पहिल्याच दिवशी सांगितले: ही एक बादली आंघोळीची, हेच पाणी परातीत धरायचे, मग फरशीला, मग तुळशीला. पाणी तुपासारखे वापरायचे, ही तर आपल्या घरांची जुनीच शिकवण. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भांडण झाले नाही, कुणी उपाशी-तहानलेले राहिले नाही, याचा मला अभिमान वाटत आला होता. चार ठिकाणी मी ती बादलीची गोष्ट सांगितलीही आहे.

"मी त्या रात्री रडले होते," सून म्हणाली. "तुम्हांला नाही कळू दिले. यांना तेव्हाच म्हटले होते, आपण इथे नको राहू या. नऊ वर्षे झाली त्याला." तिने तक्रार म्हणून सांगितले नाही. मला उत्तर सुचले नाही. तिच्या ओढणीवर समुद्राचे तुषार बसले होते. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, इतक्या पाण्यासमोर.

संध्याकाळी जेवताना सासूबाईंना सांगणे भाग होते. त्यांनी ठेपल्याचा घास संपवला आणि यांना म्हणाल्या, "तुझे आजोबा मारवाडातून निघाले तेव्हा गाव सोडूनच निघाले होते ना? त्यांना कोणी विचारले का, गादीचे काय म्हणून?" यांना हे पटले नाही. "ते गादी करायला निघाले होते, आई. हा सोडायला निघालाय." सासूबाईंनी घड्याळ पाहिले, पाणी प्यायले आणि पच्चक्खाण घेतले. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. ते दोघेही आपापल्या परीने बरोबर होते असे मला वाटते. मी कोणाच्या बाजूने आहे ते मला अजून ठरवता आलेले नाही.

उरलेले दिवस ठीक गेले, खरे तर आधीच्यापेक्षा मोकळे गेले. बोलायचे ते बोलून झाले होते. शेवटच्या दिवशी हे पँट दुमडून नातीचा हात धरून गुडघाभर पाण्यात गेले आणि तासभर बाहेर आले नाहीत. निघताना चालकाने विमानतळावर सासूबाईंच्या पाया पडून "आज्जी, परत या" म्हटले. ते त्याच्या दहा-वीस शब्दांपैकीच असावे.

मुलगा, सून आणि नात मुंबईहून पुण्याला गेली. आम्ही तिघे रात्रीच्या गाडीत बसलो. घड्याळे दीड तास पुढे केली होती, पण झोप बेटावरच्या वेळेनुसार येत होती. धाराशिवला जाग आली तेव्हा उजाडत होते. लातूर स्थानकात गाडी शिरताना मी खिडकीतून रूळांकडे पाहिले. याच रूळांवर त्या वाघिणी उभ्या असत. इतक्या वेळा इथे उतरले, पण त्या दिवशी ते आठवून पोटात कालवले.

घरी पोहोचल्यावर आधी टाकी पाहिली. नळाचा दिवस आदल्याच दिवशी होऊन गेला होता. शेजारच्या वहिनींनी आठवणीने भरून ठेवली होती. दोन बॅगांतले उरलेले खाखरे डब्यात गेले, कपडे भिजत पडले. नातीच्या एका बुटात मूठभर वाळू निघाली. बूट पुण्याऐवजी आमच्या बॅगेत आले होते. वाळू मी टाकली नाही, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. खारी असल्याने कुंडीत घालता येत नव्हती.

अकराला हे दुकानी गेले. मला काही कागद द्यायचे होते म्हणून तासाभराने मीही गेले. मुनीमजींनी आठ दिवसांचा हिशोब मांडून ठेवला होता. त्यांचा धाकटा मुलगा बाजूला उभा राहून पावत्या लावत होता. हे मध्येच त्याच्याकडे पाहत होते, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. मुनीमजींनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "शेठजी, समुद्र कसा होता?"

"पाणी पुष्कळ," हे म्हणाले. "पण खारे." आणि मग, गादीवर बसता बसता, "तूर कितीला सुटली?"